संगणकाला विचारा, तुझी वेळ कुठली?

आळेफाट्यावर चार वाटा फुटतात. एक पुण्याकडे, एक नाशिककडे, एक माळशेज घाट उतरून कल्याणकडे आणि चौथी अहिल्यानगरकडे. चौकातल्या कुठल्याही दुकानात भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. तो यायला सरासरी तेहेतीस-चौतीस मिनिटे अवकाश असतो. आळेफाटा साधारण ७४.१ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांच्या रेखांशावरून ठरते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. त्या हिशोबाने ८.४ अंशांच्या अंतराचा फरक साडेतेहेतीस मिनिटांचा होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली खरी मध्यान्ह १२ वाजून १७ मिनिटांच्या आसपास येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला ती थेट पाऊण वाजेपर्यंत लांबते. म्हणजे आपण ज्याला 'बारा वाजले' म्हणतो तो आकाशाने दिलेला निकाल नाही. १ जानेवारी १९०६ रोजी देशासाठी लागू झालेला तो एक ठराव आहे.

हा ठराव संगणकाला आपोआप ठाऊक नसतो. आपण कुठल्या गावी आहोत हेच त्याला कळत नाही. त्याच्या आत एक सलग मोजणी चालू असते, जगभर एकच असलेल्या समन्वित वेळेची. तिला यूटीसी म्हणतात. त्या मोजणीवर कुणीतरी एका वेळक्षेत्राचे नाव चिकटवते: भारत, जपान, न्यूयॉर्क. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ मोजणी आणि नाव मिळून तयार होते. मोजणी अचूक आणि नाव चुकीचे, अशी अवस्था फार वेळा येते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मशीनलाच 'तुझे क्षेत्र कुठले?' असे विचारणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची असते. हे प्रकरण त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

नाव चुकते कसे? इंग्रजीची अमेरिकी आवृत्ती घेऊन विंडोज बसवले की वेळक्षेत्र बहुधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे असते. बसवणाऱ्याने ते बदलायचे असते. पुष्कळदा तो क्षेत्र बदलत नाही, घड्याळाचे काटेच पुढे ढकलतो. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, सगळे समाधानी होतात, आणि आतली मोजणी साडेबारा-साडेतेरा तासांनी खोटी ठरते. भाड्याने घेतलेले क्लाउड सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असले तरी बहुतेक यूटीसीवरच मिळतात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवले, जसे अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेहमी करतात, तर आणखी एक घोळ होतो. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजते, लिनक्स यूटीसी समजते. एकातून दुसऱ्यात गेले की घड्याळ नेमके साडेपाच तास सरकते. कुठेही बरोबर साडेपाच तासांची चूक दिसली तर बॅटरीला दोष देण्यापूर्वी वेळक्षेत्र तपासावे.

इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणे चालू आहे, मग चिंता कसली, असे अनेकांना वाटते. ही समजूत मोडायलाच हवी. त्या यंत्रणेला एनटीपी म्हणतात आणि ती फक्त यूटीसी आणून देते. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते. तिच्या सर्व्हरला विचारले तरी उत्तरात क्षेत्राचे नाव येत नाही. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२मध्ये कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना घड्याळे या प्रयोगशाळेशी किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) सर्व्हरशी जुळवायला आणि नोंदी १८० दिवस सांभाळायला सांगितले. निर्देश चांगलाच आहे. पण घड्याळ जुळले म्हणून नोंदीवरचे क्षेत्रही जुळले असे होत नाही.

दूध संकलन केंद्राचे उदाहरण घेऊ. जुन्नर-आंबेगावात असे केंद्र नसलेले गाव शोधावे लागेल. समजा, केंद्रातला संगणक नोंद दूरच्या सर्व्हरवर पाठवतो, सर्व्हर यूटीसीवर आहे, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नियम ठेवला आहे की दुपारी बाराच्या आत आलेले दूध सकाळचे, नंतरचे सायंकाळचे. एक शेतकरी पहाटे सव्वापाचला कॅन घेऊन येतो. सर्व्हरवर तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात. त्याचे सकाळचे दूध काल सायंकाळच्या खात्यावर पडते. तोच शेतकरी संध्याकाळी सव्वापाचला येतो, तेव्हा सर्व्हरवर सकाळचे पावणेबारा असतात आणि ते दूध आजच्या सकाळचे ठरते. त्याच्या मागे उभा असलेला शेजारी पावणेसहाला कॅन रिकामी करतो. त्याच्या दोन्ही नोंदी बरोबर उतरतात. चूक फक्त साडेपाचच्या आधी येणाऱ्यांच्या वाट्याला येते. फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून उरलेल्या घन भागाच्या) आकड्यांसह एका माणसाच्या दोन वेळांची सरमिसळ होते, दहा दिवसांच्या हिशोबात रक्कम मागे-पुढे होते आणि केंद्रचालक म्हणतो, बाकी कुणाची तक्रार नाही. त्याचेही खरेच असते. ही चूक फार उशिरा सापडते, कारण ती सगळ्यांना लागत नाही.

भाजीपाल्याच्या व्यापारात याहून महागडी रात्र ३१ मार्चची. नारायणगावचा टोमॅटो आणि आळेफाट्याचा कांदा रातोरात ट्रकमध्ये भरला जातो. १ एप्रिलच्या पहाटे तीनला फाडलेले बिल यूटीसीच्या सर्व्हरवर ३१ मार्च, रात्री साडेनऊ असे उतरते, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा अनुक्रमांक त्या-त्या आर्थिक वर्षापुरता वेगळा असावा लागतो. मग नव्या मालिकेतला पहिला क्रमांक जुन्या वर्षाच्या तारखेला चिकटतो आणि हिशोबनीसाला ते कोडे मे महिन्यात सोडवावे लागते.

आता प्रश्न विचारायचा कसा. विंडोजवर कमांडची काळी खिडकी उघडून 'टीझेडयूटिल' ही आज्ञा 'जी' या पर्यायासह दिली की उत्तर येते 'इंडिया स्टँडर्ड टाइम'. पॉवरशेलमध्ये 'गेट-टाइमझोन' ही आज्ञा नावासोबत यूटीसीपासूनचे अंतरही सांगते. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा पतसंस्थेच्या शाखांत वीस-पंचवीस मशीन असतील तर प्रत्येकापुढे जाऊन बसायची गरज नसते. हीच आज्ञा यादीतल्या प्रत्येक मशीनवर चालवून उत्तरे एका फाइलमध्ये गोळा करणारी स्क्रिप्ट चार-पाच ओळींत लिहून होते. लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' आहे. ती नसेल तर 'लोकलटाइम' नावाची फाइल कुठल्या फाइलकडे बोट दाखवते ते वाचले की नाव मिळते, कारण तिथे क्षेत्र निवडणे म्हणजे त्या क्षेत्राच्या फाइलकडे दुवा जोडणे. ब्राउझरमधल्या पानाला वापरणाऱ्याचे क्षेत्र हवे असेल तर जावास्क्रिप्टमध्ये भाषा आणि प्रांतांचे संकेत सांभाळणारी 'इंटल' नावाची सोय आहे, तिला विचारावे.

इथवर सोपे आहे. खरी कसोटी उत्तर वाचताना लागते.

पहिली अडचण चिन्हाची. भारत यूटीसीच्या ३३० मिनिटे पुढे. पण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या साठ्यात, हा आकडा उणे ३३० असा ठेवलेला असतो, कारण तिथला हिशोब 'स्थानिक वेळेत किती मिळवले की यूटीसी येईल' असा उलटा आहे. रजिस्ट्रीला ऋण आकडा थेट लिहिता येत नाही, म्हणून बिनचिन्हाचा आकडा समजून वाचणाऱ्या स्क्रिप्टला तिथे ४२९४९६६९६६ दिसतो. दोनाच्या बत्तिसाव्या घातातून ३३० वजा केले की तो येतो. मशीन बिघडलेले नसते. त्याच विंडोजला डब्ल्यूएमआय या व्यवस्थापनाच्या वाटेने विचारले की उत्तर अधिक ३३०. जावास्क्रिप्टच्या जुन्या पद्धतीने विचारले की पुन्हा उणे ३३०. लिनक्सच्या 'टीझेड' या चलातही पूर्वेकडच्या देशांना उणे चिन्ह लागते. एका ठिकाणची स्क्रिप्ट उचलून दुसरीकडे चिकटवली की साडेपाच तास मिळवण्याऐवजी वजा होतात आणि एकूण चूक अकरा तासांची होते.

दुसरी अडचण आपल्या अर्ध्या तासाची. जगातली बहुतेक क्षेत्रे यूटीसीपासून पूर्ण तासांवर आहेत. म्हणून मिनिटांना साठाने भागून वरची बाकी टाकून देणाऱ्या स्क्रिप्ट परदेशात वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात आणि भारतात आल्या की भारताला पाचवर आणून ठेवतात. शेजारचा नेपाळ तर पावणेसहा तासांवर आहे. आपल्याकडे तपासल्याशिवाय कुठलीही वेळेची स्क्रिप्ट पूर्ण झाली असे मी मानत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत महत्त्वाची: अंतर विचारावे की नाव? माझे मत ठाम आहे, नावच विचारावे. आज कोलंबो आणि पुणे दोघांचेही अंतर साडेपाच तासांचे. पण श्रीलंकेने मे १९९६मध्ये घड्याळ साडेसहा तासांवर नेले, त्याच ऑक्टोबरात सहावर आणले आणि १५ एप्रिल २००६ रोजी ते पुन्हा साडेपाचवर आले. २००४ सालची कोलंबोची नोंद आजच्या अंतराने उलगडली तर अर्ध्या तासाने चुकेल. अंतर त्या क्षणापुरते खरे असते. नावामागे त्या जागेच्या वेळेचा सगळा इतिहास असतो.

तो इतिहास एका सार्वजनिक संग्रहात साठवलेला आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला, आणि आज लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळे त्यावर चालतात. त्यात भारताच्या क्षेत्राचे नाव 'एशिया/कोलकाता' आहे. आपल्या महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोन आत हेच क्षेत्र बाळगतो. २००८ पर्यंत ते 'एशिया/कलकत्ता' होते आणि जुने नावही टोपणनावासारखे चालू ठेवलेले आहे. क्रोम ब्राउझर अनेकदा अजूनही जुने नाव सांगतो, फायरफॉक्स नवे. त्यामुळे मिळालेले उत्तर 'कोलकाता' या एकाच अक्षरमालेशी ताडून पाहणारी स्क्रिप्ट अस्सल भारतीय वापरणाऱ्यालाही परका ठरवते. दोन्ही नावे मान्य करायला हवीत.

नावाच्या जागी 'आयएसटी' ही तीन अक्षरे लिहायची सवय आपल्याला फार आहे. ती सोडावी. ही अक्षरे इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. पोस्टग्रेस हा नावाजलेला डेटाबेस वेगळे काही सांगितले नाही तर आयएसटीचा अर्थ इस्रायल असा घेतो. म्हणजे साडेतीन तासांचा फरक, आणि तोही एकही चूकसंदेश न दाखवता.

या संग्रहातली भारताची पाने वाचताना मला नेहमी आनंद होतो. कलकत्त्याची जुनी वेळ ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद. त्यानंतर रेल्वे आणि तारखात्याने चालवलेली मद्रासची, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १९०६पासून साडेपाच तास. दुसऱ्या महायुद्धात घड्याळ एक तास पुढे, मधल्या काही महिन्यांचा अपवाद सोडला तर १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत. पायथनमध्ये 'पायटीझेड' नावाचे जुने साधन सरळ मार्गाने न वापरता तारखेला चिकटवले तर उत्तर साडेपाचऐवजी ५ तास ५३ मिनिटे येते. आपल्या कितीतरी तरुण प्रोग्रॅमरांनी या ५३पुढे डोके धरले असेल. ती मशीनची लहर नाही; यादीतली सर्वांत जुनी नोंद, एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्याची, त्या साधनाने उचललेली असते.

यात आपल्या मुंबईची वेळ मात्र नाही. ४ तास ५१ मिनिटांची 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. १९०६नंतरही मुंबईने ती सोडली नाही. शहराच्या व्यवहारात ती १९५५पर्यंत टिकली. तेव्हा त्या काळातल्या मुंबईच्या कागदावरची वेळ 'एशिया/कोलकाता' लावून बदलायला घेतली तर आधी ती कुठल्या घड्याळाची आहे ते कागदावरच शोधावे लागेल. हे काम कुठलीही स्क्रिप्ट करू शकत नाही.

वेळक्षेत्राची चूक सर्वांत महाग पडेल अशी जागा आळेफाट्याहून जवळ आहे. नारायणगावच्या पूर्वेला खोडद गावी जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या कष्टांतून ती झाली. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या आसपास, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शेतांच्या, ऊस-द्राक्षांच्या मधून दिसणाऱ्या त्या जाळीदार थाळ्या या भागातल्या मुलांना लहानपणापासून ओळखीच्या असतात. प्रत्येक डिशचा संकेत प्रकाशतंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे तिसांचे संकेत एकमेकांशी जुळवले जातात.

खोडदला दोन वेळा नांदतात. निरीक्षण करणाऱ्या माणसांसाठी भारतीय प्रमाणवेळ, आणि आकाशासाठी नाक्षत्र वेळ. ही दुसरी वेळ खोडदच्या स्वतःच्या ७४ अंश ३ मिनिटे या रेखांशावरून काढतात. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणून आज मध्यरात्री माथ्यावर असलेला स्रोत महिन्याने दोन तास आधीच तिथे येतो. दुर्बीण मागायला अर्ज जगभरातून येतात. अर्ज करणारा शास्त्रज्ञ जर्मनीत, दुर्बीण जुन्नर तालुक्यात, आणि निकाल सगळ्यांना समजेल अशा यूटीसीत. या तिन्हींना सांधणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला हातातली वेळ कुठल्या क्षेत्राची हे ठाऊक असावेच लागते.

पल्सारच्या निरीक्षणांत तर फारच. पल्सार म्हणजे प्रचंड वेगाने फिरणारा मृत ताऱ्याचा गाभा. त्याचे रेडिओ ठोके उत्तम घड्याळासारखे नियमित येतात. जे१७१३+०७४७ नावाचा पल्सार सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा फिरतो. एप्रिल २०२१मध्ये त्याच्या ठोक्याचा आकारच अचानक बदलला आणि हा बदल टिपणाऱ्यांत खोडदची दुर्बीणही होती. आता हिशोब पाहा. एप्रिलच्या मध्याला हा पल्सार खोडदहून पहाटे चारच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो. तेव्हा आपली तारीख १७ असेल तर यूटीसीची अजून १६ असते. दुर्बिणीच्या माहितीसोबत मिळणाऱ्या वेळेच्या फाइलमध्ये निरीक्षणाची सुरुवात भारतीय प्रमाणवेळेत लिहिलेली असते. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला साडेपाच तास वजा करून, गरजेप्रमाणे तारीखही मागे नेऊन, दिवसांच्या सलग मोजणीत बसवावी लागते. ठोक्याच्या आकारातला बदल नेमका कोणत्या दिवशी झाला या प्रश्नाचे उत्तर त्या एका वजाबाकीवर ठरते. जून २०२३मध्ये युरोपीय आणि भारतीय-जपानी पल्सार गटांनी मिळून अतिमंद गुरुत्वलहरींच्या खुणा जाहीर केल्या. त्यातही खोडदची निरीक्षणे होती आणि तिथे पल्सारच्या ठोक्यांचे येणे मायक्रोसेकंदांच्या बारकाव्याने जुळवले गेले. अशा कामात क्षेत्राचे नाव गृहीत धरता येत नाही.

आपल्या मशीनसाठी स्क्रिप्ट लिहिताना आणखी दोन बाबी मनात ठेवाव्यात. स्क्रिप्ट जे सांगते ते ती ज्या खात्यातून, ज्या सत्रातून चालते त्याचे क्षेत्र असते. लिनक्सवर 'टीझेड' हे चल एका प्रोग्रॅमपुरते वेगळे ठेवता येते. दूरस्थ जोडणीने विंडोजमध्ये शिरलात आणि तशी सोय चालू असली तर पुण्याच्या सर्व्हरवर तुमच्या लंडनच्या लॅपटॉपचे क्षेत्र दिसते. म्हणून ज्या खात्यातून खरे काम चालते त्याच खात्यातून प्रश्न विचारावा. आणि ब्राउझरने सांगितलेले क्षेत्र म्हणजे माणसाचा ठावठिकाणा समजू नये. सुटीला गावी आलेला शिकागोचा मराठी माणूस लॅपटॉपचे घड्याळ तिकडचेच ठेवतो, कारण त्याला तिकडच्या बैठकींना हजर राहायचे असते.

नोंद साठवायची ती यूटीसीत. माणसाला दाखवायची ती 'एशिया/कोलकाता' लावून. दिवस, आठवडा, आर्थिक वर्ष, सकाळ-सायंकाळ असे जे-जे माणसाच्या दिवसावर ठरते ते दाखवण्याच्या वेळेवरून काढायचे, साठवलेल्या आकड्यावरून नाही. दूध संघाचे, बाजार समितीचे, पतसंस्थेचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या तरुणांना माझी विनंती आहे: पहाटे सव्वापाचची एक आणि १ एप्रिलच्या पहाटे तीनची एक, अशा दोन नोंदी टाकून पाहिल्याशिवाय काम ग्राहकाच्या हाती देऊ नका. आणि २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदची वेधशाळा लोकांसाठी प्रदर्शन भरवते, तेव्हा आळेफाट्याहून वाट वाकडी करून तिथे जरूर जा. डिश पाहून झाल्या की तिथल्या माणसांना विचारा, तुमच्या माहितीवर वेळ कुठल्या क्षेत्राची लिहिता आणि ती कशी तपासता.